शह आणि चेक

इंग्रजीतला ‘चेक’ हा शब्द किती ठिकाणी राबतो बघा. बँकेत भरतो तो चेक. शर्टावरचे चौकडे म्हणजे चेक्स. वह्या तपासल्या की त्या ‘चेक केल्या’. रस्त्यात लागतो तो चेकनाका. आता चौकड्यांचे कापड आणि बँकेतला कागद यांचे नाते काय?

नाते आहे, आणि ते बुद्धिबळाच्या पटावर सापडते. आपला चतुरंग इराणात गेला. तिथे राजाला म्हणतात ‘शाह’. राजावर हल्ला झाला की खेळणारा ‘शाह!’ असे म्हणून सावध करी. हाच शब्द अरबांकडून लॅटिनमध्ये आणि फ्रेंचमध्ये गेला, आणि इंग्लंडात पोचेपर्यंत त्याचा ‘चेक’ झाला. ‘शाह मात’, म्हणजे राजा हतबल, त्याचे झाले ‘चेकमेट’.

शह बसला की राजाला आधी स्वतःला सावरावे लागते, त्याच्या मनासारखे चालता येत नाही. म्हणून चेक म्हणजे अडवणे, आवर घालणे. त्यातूनच पुढे थांबवून तपासणे हा अर्थ आला. पटावरच्या घरांवरून कापडाचे चेक्स आले.

बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा हिशेब एका मोठ्या मेजावर होई. मेजावर रेघा आखलेले काळे कापड अंथरत. पेनी, शिलिंग, पौंड, त्यापुढे वीस, शंभर, हजार असे रकाने, आणि त्यांत सोंगट्या मांडून बेरीज-वजाबाकी. पट बुद्धिबळासारखा दिसे, म्हणून त्या खात्याचेच नाव पडले ‘एक्सचेकर’. परगण्याचा वसुली अधिकारी, म्हणजे शेरीफ, वर्षातून दोनदा तिथे हिशेब द्यायला येई. एका बाजूला खजिनदार, दुसऱ्या बाजूला शेरीफ. त्या काळचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने या व्यवहाराला बुद्धिबळाच्या लढाईचीच उपमा दिली आहे. ब्रिटनच्या अर्थमंत्र्याच्या हुद्द्यात हे नाव आजही आहे.

अठराव्या शतकात ‘चेक’ म्हणजे पैशाच्या कागदाचे स्थळप्रत. लबाडी झाली तर ताडून पाहायला ठेवलेली. मग तो कागदच चेक झाला. ब्रिटिशांनी त्याच्या स्पेलिंगला एक्सचेकरचे वळण दिले, अमेरिकनांनी साधेच ठेवले.

मला या सगळ्यात एक गोष्ट फार मोलाची वाटते. जो शब्द मुळात ‘राजा’ असा होता, तोच राजाला अडवणारा शब्द झाला! अमेरिकेची १७८७ साली लिहिलेली राज्यघटना एका सत्तेने दुसरीला आवरायचे या तत्त्वावर उभी आहे. त्या तत्त्वाला इंग्रजीत ‘चेक्स अँड बॅलन्सेस’ म्हणतात.

आणि आपण? आपला ‘शह’ त्याच फारसी शब्दाचा. शह-काटशह, मात करणे हे तर रोजच्या वर्तमानपत्रातले. पण मराठीत शह राजकारणातल्या कुरघोडीपुरताच उरला, हिशेब विचारण्याचा अर्थ त्याला चिकटला नाही. हिशेब मागितला की आपल्याकडे लगेच ‘माझ्यावर विश्वास नाही का?’ असे ऐकावे लागते, मग ती सोसायटी असो, देवस्थान असो की सरकार. वही तपासणे म्हणजे विद्यार्थ्याला चोर ठरवणे नव्हे, हे शिक्षकाला ठाऊक असते. तेवढे सगळ्यांना कळले तर पुष्कळ झाले.