सहीमागचा माणूस : सावित्रीचा पूल आणि इंजिनिअरांची सनद

मी तत्त्वज्ञानाचा माणूस, आणि बोलणार आहे इंजिनिअरांवर. याला कारण घडलं ते मघाशी जेवताना. शेजारी बसलेल्या एका तरुण इंजिनिअरनं मला विचारलं, ‘सर, नावापुढे एमआयई किंवा चार्टर्ड इंजिनिअर लावून मिळतं काय? फी मात्र जाते.’ प्रश्न रास्त आहे. पण तो पोलादपुरात विचारला गेला, म्हणून मला लगेच उत्तर देता आलं नाही.

कारण आपल्या दारावरून जाणारी ही सावित्री. महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपुरावरून खाली महाडला उतरते. महाडजवळ मुंबई-गोवा महामार्गावर तिच्यावर इंग्रजांच्या काळातला दगडी कमानींचा पूल होता, 1928 चा. म्हणजे चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर अवघ्या वर्षभरातला. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री, नदीला पूर आलेला असताना तो पूल गेला. मुंबईकडे निघालेल्या दोन एसटी गाड्या आणि आणखी काही वाहनं अंधारात थेट पाण्यात गेली. पुढे नवा पूल 165 दिवसांत उभा राहिला आणि 5 जून 2017 ला खुला झाला. त्या वेगाचं कौतुक झालं, व्हायलाच हवं होतं. पण मला अडकवून ठेवते ती आधीची गोष्ट. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची पाहणी झाली होती आणि धोका आढळला नव्हता, असं तेव्हा सरकारकडूनच सांगण्यात आलं. म्हणजे कुणीतरी पाहिलं होतं. कागदावर कुणाचीतरी सही होती. त्या सहीचं वजन किती, हा आजचा विषय.

आता थोडं मागे जाऊ. लंडनमध्ये 1818 साली काही तरुण इंजिनिअरांनी आपली संस्था काढली. दोन वर्षांनी तिचा पहिला अध्यक्ष झाला थॉमस टेलफर्ड. हा माणूस मूळचा गवंडी, पाथरवट! 1828 मध्ये तिला राजाची सनद मिळाली. ‘चार्टर्ड’ शब्दाचं मूळ या सनदेत आहे. सनद आपल्याला नवी नाही. वतनाच्या सनदा कोकणात अजून पेटाऱ्यात सापडतात. फरक एवढाच की वतनाची सनद हक्क देते, आणि या सनदेकडून अपेक्षा अशी की तिनं हक्कासोबत उत्तरदायित्वही द्यावं.

आपल्याकडे औद्योगिक आयोगाच्या शिफारशीतून 1920 मध्ये इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स (इंडिया) स्थापन झाली. 9 सप्टेंबर 1935 ला तिला सनद मिळाली. या संस्थेनं एक फार मोठं काम केलं, ते म्हणजे एएमआयईची परीक्षा. माझा एक आतेभाऊ ओव्हरसिअर होता. दिवसभर साइटवर, रात्री कंदिलाशी सेक्शन ‘ए’, मग सेक्शन ‘बी’. सात वर्षं लागली. कॉलेजचं तोंड न पाहिलेला माणूस इंजिनिअर झाला. ज्याच्या बापाला फी परवडत नव्हती त्याच्यासाठी ती चार अक्षरं म्हणजे काय होती, हे आजच्या पदवीधराला समजावणं अवघड आहे. 31 मे 2013 नंतर नाव नोंदवणाऱ्यांसाठी ती परीक्षा पदवीच्या बरोबरीची राहिली नाही. मला तरी याचं वाईट वाटतं.

पण त्या तरुणाचा मुद्दा उरतोच. चार्टर्ड अकाउंटंटसाठी 1949 चा कायदा आहे, वकिलासाठी 1961 चा, आर्किटेक्टसाठी 1972 चा. वकिलाची सनद गेली की कोर्टात उभं राहणं बंद. इंजिनिअरांसाठी असा देशव्यापी कायदा नाही. मसुदे निघतात आणि फायलीत जातात. नगरपालिका आपापल्या यादीत नावं नोंदवतात, तेवढंच. संस्थेनं उद्या एखाद्याचं सभासदत्व काढून घेतलं, तर त्याच्या लेटरहेडवरची अक्षरं जातील, काम जाणार नाही. इथेच सनद लंगडी पडते, असं माझं मत आहे.

24 ऑगस्ट 2020 ला महाडमध्ये तारीक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली. सोळा माणसं गेली. इमारत दहा वर्षांचीही नव्हती. गुन्हा नोंदला गेला त्यात बिल्डरबरोबर आर्किटेक्टही होता, आरसीसी कन्सल्टंटही. दोष कुणाचा हे कोर्ट ठरवेल, मी नाही. पण पाहा, आपल्याकडे इंजिनिअरला पहिला प्रश्न विचारतो तो फौजदार. त्याच्या व्यवसायबंधूंनी आधी विचारायला हवा होता.

कॅनडात 29 ऑगस्ट 1907 ला क्वेबेकचा पूल बांधता बांधता पडला, 75 कामगार मेले. 1925 पासून तिथले नवे इंजिनिअर शपथ घेऊन करंगळीत एक साधी अंगठी घालतात. ती त्या पडलेल्या पुलाच्या लोखंडाची असते असं सांगतात. ती दंतकथा आहे. अंगठी घालायची ती सही करणाऱ्या हातात, म्हणजे नकाशावर हात फिरला की ती कागदाला घासते.

आमच्या आतेभावाकडे अंगठी नव्हती. एमबीत माप लिहिताना तो फक्त स्वतः टेप धरलेलंच माप लिहायचा. ठेकेदार वैतागायचे, साहेबही वैतागायचे. एकदा त्याची बदलीही झाली. मी विचारलं, एवढं कशाला? म्हणाला, ‘अरे, परीक्षेच्या फॉर्मवर सही केलीय मी. त्यांचे नियम वाचून केलीय.’

तो तरुण समोरच बसलाय. बाबा रे, फॉर्म भर, असंच मी म्हणेन. फक्त भरायच्या आधी त्याच्यामागे छापलेली आचारसंहिता वाच, आणि पुढच्या सभेला गेलास की उभा राहून विचार : आपल्या संस्थेनं चुकीच्या सहीबद्दल आजवर किती जणांना काढलं? उत्तर मिळालं तर मलाही कळव.