संगणकाच्या पंख्याचा शांततेकडे प्रवास
१९७७ च्या ‘ॲपल टू’ संगणकात पंखाच नव्हता. १९८१ च्या आयबीएम पीसीत तो वीजपुरवठ्याच्या डब्यात बसला. १९९० च्या दशकात प्रोसेसर जास्त तापू लागले, तसे त्यांच्या डोक्यावर छोटे, भरधाव फिरणारे पंखे आले आणि टेबलाखाली सतत घरघर सुरू झाली. उपाय आकारात सापडला. ८० मिलिमीटरच्या पंख्याइतकीच हवा १२० मिलिमीटरचा पंखा संथ फिरूनही ढकलतो. पुढे चार पिनांच्या जोडणीमुळे तापमानानुसार वेग आपोआप कमी-जास्त होऊ लागला. तेलाच्या पातळ थरावर फिरणाऱ्या बेअरिंगने खरखर घटवली. रबरी खुंट्यांनी पत्र्यापर्यंत जाणारी थरथर अडवली. म्हणूनच शांत पंखा निवडताना आकार, किमान वेग आणि बेअरिंग आधी पाहावे लागतात.