एकोणतीस कुठल्या घरात?

हौजीच्या तिकिटात खेळणारा आपले नशीब शोधतो. गणिताच्या शिक्षकाला मात्र त्यात दशमान पद्धतीचा नेटका तक्ता दिसायला हवा. तीन ओळी, नऊ उभे रकाने, २७ चौकटी आणि त्यांत १५ आकडे. पहिला रकाना १ ते ९ चा, दुसरा १० ते १९ चा, तिसरा २० ते २९ चा. शेवटच्यात ८० ते ९०, कारण एकट्या नव्वदला वेगळे घर नाही. पुकारलेला आकडा शोधताना मूल आधी दशक गाठते, मग एकक. या खेळाने गणित शिकवता येते ते या रचनेमुळे. बक्षिसाचा वाटा त्यात दुय्यम आहे.

ही रचना शाळेसाठी जन्मलेली नाही. सोळाव्या शतकात जिनोआत नगरशासनासाठी चिठ्ठ्या टाकून पाच नावे काढत, आणि लोक त्या नावांवर पैसे लावत. पुढे नावांच्या जागी आकडे आले, ते ९० वर स्थिरावले आणि इटलीच्या घराघरांत त्यातून तोंबोला रुळला. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत याच खेळाचे, म्हणजे लोट्टोचे, मुलांसाठी अवतार निघाले. त्यांत पाढे होते, शब्दलेखन होते, इतिहासही होता. त्यासाठी खेळ मोडावा लागला नाही. पुकारणाऱ्याने ‘बेचाळीस’ म्हणण्याऐवजी ‘सहा साते’ म्हटले की झाले. उत्तर तिकिटावर असतेच. १९२९ च्या सुमारास न्यूयॉर्कचा खेळणीविक्रेता एडविन लो याने लोकप्रिय केलेल्या अमेरिकी बिंगोत मात्र ७५ आकडे पंधरा-पंधराच्या पाच रकान्यांत बसतात. तिथे १५ आणि १६ शेजारच्या घरांत, तर १६ आणि ३० एकाच घरात. भारतात ब्रिटिश अमदानीतून रुळलेले नव्वदी तिकीट गणिताच्या वर्गाला अधिक सोयीचे, ते दशकांची वीण सांभाळते म्हणून.

मराठी मुलाला तर त्याची विशेष गरज आहे. ‘त्रेसष्ट’ म्हणताना तीन आधी ऐकू येतात आणि साठ नंतर. लिहिताना क्रम उलटा. त्याहून अवघड ‘एकोण’वाले आकडे. १९ पासून ८९ पर्यंत असे आठ आहेत, आणि प्रत्येकाच्या नावात पुढचे दशक दडलेले. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘सत्तावीस’च्या जोडीला ‘वीस सात’ असे वाचन दिले, तेव्हा भाषा बिघडते म्हणून गदारोळ झाला. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांची बाजू होती की नव्या वाचनाने मुलांवरचा भार हलका होतो. दोन्ही बाजूंना मानवेल असा तोडगा हौजीत आधीपासून आहे. गलक्यात ऐकण्यात चूक होऊ नये म्हणून पुकारणारा अंक सुटे सांगतो आणि मग नाव घेतो: ‘सहा आणि तीन, त्रेसष्ट’. परंपरेचे नावही टिकते आणि अंक लिहिण्याचा क्रमही कानावर पडतो.

जुगाराचा खेळ वर्गात कशाला, हा आक्षेप पैशाला लागू पडतो, तिकिटाला नाही; पैसा काढला तरी खेळ उरतो, हे जर्मन लोट्टोने दाखवले आहे. नशिबाने जिंकणाऱ्याला गणित येतेच असे नाही, हेही खरे. पण त्याच नशिबामुळे पाढ्यांत कच्च्या मुलालाही शेवटपर्यंत आशा राहते, तो कान देऊन बसतो. केवळ वेगाच्या स्पर्धेत तो पहिल्या मिनिटालाच बाद झाला असता. सर्वांत वजनदार आक्षेप तिसरा: हा सराव आहे, आकलन नव्हे. तो मान्यच करायला हवा. एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी, हे तिकीट समजावून सांगत नाही. ते शिक्षकाचे काम. तिकीट फक्त चूक उघडी पाडते. ‘एकोणतीस’ ऐकून मूल तिसाच्या घरात शोधू लागले, तर तो आकडा तिथे सापडणारच नाही. आणि शिक्षकाने बोलायला सुरुवात करावी ती नेमकी तिथून.