मोरिनी की स्टायर? दोन सारख्या एअर पिस्तुलांतून एक कसं निवडायचं

मोबाईल घेताना आपण दोन फोनचे फीचर्स शेजारी शेजारी ठेवून बघतो आणि निर्णय घेतो. नेमबाजीच्या पिस्तुलाला ही पद्धत लागू होत नाही. कागदावर दोन पिस्तुलं जवळपास सारखी दिसतात, पण हातात घेतल्यावर एक आपलं वाटतं आणि दुसरं परकं.

मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो. आमच्या भागात पोरं तालमीत आणि फुटबॉलच्या मैदानावर वाढतात, पण आता नेमबाजीचीही ओढ जोरात आहे. कारण उघड आहे. २०१० साली म्युनिकमध्ये तेजस्विनी सावंत ५० मीटर रायफल प्रोनमध्ये जगज्जेती झाली. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत राही सरनोबतने २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं. २०२४ मध्ये पॅरिसला स्वप्नील कुसाळेने रायफलमध्ये कांस्य आणलं. तिघंही आपल्याच जिल्ह्यातले.

माझी मावसबहीण पंधरा वर्षांची आहे. वर्षभर ती क्लबच्या पिस्तुलावर सराव करतेय. आता घरात स्वतःचं घ्यायची चर्चा आहे आणि यादीत दोन नावं उरलीत : मोरिनी सीएम १६२ ईआय आणि स्टायर एव्हो १०. रक्कम दीड-दोन लाखांच्या घरातली. एवढे पैसे आमच्यासारख्या घरात एकदाच उभे राहतात. म्हणून दोन्हींचा नीट अभ्यास केला, तो इथे मांडतोय.

आधी : दोघांत सारखं काय?

दोन्ही १० मीटर स्पर्धेची पिस्तुलं आहेत. मोरिनी स्वित्झर्लंडची, स्टायर ऑस्ट्रियाची. दोन्हींत नळीखालच्या सिलिंडरमध्ये साधारण २०० बार दाबाची हवा भरलेली असते. ट्रिगर दाबला की मोजून तेवढीच हवा सुटते आणि ४.५ मिमीची शिशाची पेलेट बाहेर पडते. दोन्हींचं वजन एक किलोच्या आसपास. दोन्हींची आखूड, म्हणजे कॉम्पॅक्ट आवृत्तीही येते.

आंतरराष्ट्रीय नियमही दोघांना सारखेच :

- वजन जास्तीत जास्त १५०० ग्रॅम
- ट्रिगरचा दाब किमान ५०० ग्रॅम
- पिस्तूल ४२० × २०० × ५० मिमीच्या पेटीत मावलं पाहिजे
- ६० गोळ्या, ७५ मिनिटं

अचूकतेचं काय? दोन्ही कंपन्यांची पिस्तुलं पक्क्या स्टँडवर लावून झाडली तर पेलेट जवळपास एकाच भोकातून जातात. म्हणजे 'कोणतं जास्त अचूक' हा प्रश्नच सोडून द्या. तुमच्या हातात कोणतं अचूक राहतं, एवढंच बघायचं.

फरक १ : ट्रिगर

हा सगळ्यात मोठा फरक. १६२ ईआयचा ट्रिगर इलेक्ट्रॉनिक आहे. बोटाने दाबलं की सर्किटला सिग्नल जातो आणि पुढचं काम विजेवर होतं. त्यामुळे 'क्लिक' अगदी स्वच्छ लागतो आणि हजाराव्या वेळी पहिल्यासारखाच लागतो. एव्हो १० मध्ये लिव्हर आणि स्प्रिंगचा मेकॅनिकल ट्रिगर आहे. त्यात बॅटरीची भानगड नाही, आणि नीट सेट केला तर तोही लोण्यासारखा चालतो. (मोरिनीचं मेकॅनिकल आणि स्टायरचं इलेक्ट्रॉनिक मॉडेलही मिळतं, त्यामुळे खरेदी करताना पूर्ण नाव तपासा.)

मग इलेक्ट्रॉनिकच भारी का? थांबा. २५ जुलै २०२१, टोकियो ऑलिंपिक. पात्रता फेरी चालू असताना मनू भाकरच्या पिस्तुलाचा कॉकिंग लिव्हर तुटला. दुरुस्तीत बहुमोल मिनिटं गेली, उरलेल्या गोळ्या घाईत माराव्या लागल्या. ५७५ गुण, बारावा क्रमांक, आणि फायनल थोडक्यात हुकली. तीच मनू २०२४ ला पॅरिसमध्ये दोन कांस्यपदकं घेऊन आली. लिव्हर हा साधा यांत्रिक भाग आहे, तो कुठल्याही पिस्तुलात तुटू शकतो. पण आत सर्किट असेल तर उघडून जोडायचं काम वाढतं. म्हणून ट्रिगर निवडताना सोबत हेही विचारा : हे उघडता येणारा माणूस आपल्या जवळपास कोण आहे?

फरक २ : झटका

एअर पिस्तुलाचा झटका फार नसतो, पण असतो. एव्हो १० मध्ये त्यासाठी स्टॅबिलायझर दिलाय. आतलं एक छोटं वजन झटक्याच्या वेळी हलतं आणि धक्का खाऊन टाकतं. त्यामुळे पुढची साइट कमी उडते. १६२ ईआयमध्ये असा भाग नाही, रचना तेवढी साधी. साइट कमी हलली की गोळी सुटल्यानंतरही नजर जागेवर ठेवायची सवय लवकर लागते, हा नवख्यांना फायदा.

फरक ३ : पूर्ण लांबी की आखूड?

दोन्ही कंपन्यांत हा पर्याय आहे आणि इथेच बहुतेक जण अडकतात. मागची आणि पुढची साइट यांच्यातलं अंतर जास्त असेल तर साइटची चूक निशाण्यावर कमी वाढते. किती? हिशेब करून बघू. समजा साइटमध्ये ०.१ मिमी चूक झाली :

- साइटमधलं अंतर ३२० मिमी : १० मीटरवर सुमारे ३.१ मिमी चूक
- साइटमधलं अंतर २८० मिमी : सुमारे ३.६ मिमी चूक

फरक अर्धा मिमी. दहाच्या वर्तुळाचा व्यास आहे ११.५ मिमी. उलट बाजूला, आखूड पिस्तूल पुढच्या अंगाला हलकं असतं. ६० वेळा हात खांद्यापर्यंत उचलायचा, तोही मनगट न वाकवता. पंधरा वर्षांच्या मुलीचा हात चाळिसाव्या गोळीला थकला, तर चूक अर्ध्या मिमीची राहत नाही, पेलेट सरळ आठच्या वर्तुळात जाते. त्यामुळे बारीक मनगटाच्या आणि शाळकरी नेमबाजांनी आखूड आवृत्ती आधी हातात घेऊन बघावी.

घरबसल्या नाही, रेंजवर ठरतं

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ग्रिप. लाकडी ग्रिप छोट्या-मोठ्या मापात आणि डावा-उजवा अशी मिळते. क्लबमध्ये किंवा ओळखीच्या नेमबाजाकडे दोन्ही मॉडेल मिळाली तर कोचसमोर या दोन चाचण्या करा :

१. डोळे मिटून : पिस्तूल रिकामं, सेफ्टी फ्लॅग काढायचा तो कोचने सांगितल्यावरच, तोंड कायम टार्गेटकडे. डोळे मिटून हात उचला, स्थिर करा, डोळे उघडा. पुढची साइट मागच्या खाचेच्या मधोमध आपोआप आली का? असं दहा वेळा करा. ज्या पिस्तुलात जास्त वेळा आली, त्याची ग्रिप तुमची.

२. कोऱ्या कागदावर : टार्गेट उलटं लावा, पांढरी बाजू समोर. दोन्ही पिस्तुलांनी वीस-वीस गोळ्या मारा. गुण मोजू नका, फक्त भोकांचा घोळका किती रुंद ते पट्टीने मोजा. दोन वेगळ्या दिवशी करा, दुसऱ्या दिवशी क्रम उलटा.

इथे मोबाईल कामाला येतो. मित्राला बाजूने, रेंजच्या शिस्तीत उभं राहून स्लो मोशनमध्ये शूट करायला सांगा. गोळी सुटताना मनगट खाली जातं का, ते लगेच दिसतं.

आमच्या बहिणीचं झालं असं की ट्रिगर तिला मोरिनीचा आवडला, पण दोन्ही दिवशी घोळका लहान आला तो आखूड एव्हो १० चा. कारण ग्रिप. तुमचं नेमकं उलटंही येऊ शकतं.

सेकंडहँड घेताय?

सिलिंडरवरची तारीख आधी बघा. आंतरराष्ट्रीय नियमानुसार सिलिंडरची मुदत जास्तीत जास्त दहा वर्षं. मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही आणि २०० बार दाब म्हणजे गंमत नव्हे. नव्या सिलिंडरची किंमत धरूनच सौदा करा. ग्रिप आधीच्या मालकाने कानसून घेतली असेल तर ती त्याच्या हाताची आहे, हेही लक्षात ठेवा.

परवाना लागतो का?

शस्त्र नियम २०१६ नुसार ४.५ मिमीपर्यंत बोअर आणि २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेच्या एअर पिस्तुलाला शस्त्र परवाना लागत नाही. आपल्या पिस्तुलात अर्ध्या ग्रॅमची पेलेट सेकंदाला दीडशे मीटरने जाते, म्हणजे ऊर्जा साधारण सहा ज्यूल. तरीही पक्कं बिल आणि क्लबचं ओळखपत्र सोबत ठेवा आणि ने-आण बंद पेटीतच करा. सहा ज्यूलही डोळा घालवायला पुरेसे आहेत.

आणि भावांनो, पिस्तूल घेऊन रील नको! मिरजकर तिकटीवर उभ्या माणसाला ते खेळाचं आहे की खरं, हे लांबून कळत नाही. पोलिसांनाही नाही.

थोडक्यात

- बॅटरी-सर्किटची काळजी घेणार असाल आणि एकसारखा क्लिक हवा असेल : १६२ ईआय
- झटका कमी आणि देखभाल सोपी हवी असेल : एव्हो १०
- हात अजून वाढतोय किंवा मनगट बारीक आहे : दोन्हींपैकी ग्रिप बसेल त्याची आखूड आवृत्ती
- सुरुवात होऊन सहा महिनेही झाले नाहीत : काहीच घेऊ नका, क्लबचं वापरा

पावसाळ्यात आपल्याकडे हवा किती ओली असते ते माहीतच आहे. पेटीत सिलिका जेलची पुडी ठेवा, सराव झाला की धातूचे भाग कोरड्या कापडाने पुसा. कोणतंही पिस्तूल घेतलं तरी हे काम रोजचंच.