वाळू, दोर आणि एक राहिलेलं उत्तर

मुलाकडे मस्कतला राहिलो होतो तेव्हाची गोष्ट. एका शुक्रवारी चिरंजीव म्हणाले, "बाबा, चला, तुम्हाला वहिबाचं वाळवंट दाखवतो." मी, सौ., मुलगा, सून आणि नात असे पाच जण निघालो. गाडी फोर-व्हील, त्यामुळे चिरंजीव निर्धास्त. पक्का रस्ता सोडून अर्धा तास झाला असेल, एका टेकाडावरून पलीकडे उतरलो आणि गाडी बसली. त्याने रेस दिली. चाकं जागच्या जागी फिरली आणि आणखी खाली गेली. मी म्हटलं, "थांब रे जरा." त्याने पुन्हा रेस दिली. आता वाळू दाराखालच्या पायरीला टेकली. उन्हं उतरत होती, फोनला रेंज नव्हती आणि पाणी दोनच बाटल्या उरलं होतं. नातीने विचारलं, "आजोबा, आता काय?" जन्मभर इतिहास-भूगोल शिकवलेल्या आजोबांपाशी उत्तर नव्हतं.

तासाभराने एक ओमानी गृहस्थ पिकअप घेऊन आले. त्यांच्या गाडीला पुढे बंपरवर विंच होतं. विंच म्हणजे आपल्या विहिरीवरच्या रहाटाचा भाऊबंद. एक आडवा रूळ, त्याला गुंडाळलेला तारेचा दोर आणि फिरवायला माणसाच्या हाताऐवजी मोटर. त्यांनी आधी आमच्या चारी चाकांतली बरीचशी हवा सोडली आणि फावड्याने चाकांपुढची वाळू काढली. मग दोर अडकवला, दोरावर एक जाड गोधडीसारखं काहीतरी टाकलं आणि आम्हा सगळ्यांना लांब उभं केलं. बटण दाबलं. आमची गाडी जागची हलली नाही, उलट त्यांचीच गाडी आमच्याकडे घसरत यायला लागली!

गृहस्थ हसले. खाली उतरले, आपल्या गाडीच्या मागे कमरेइतका खड्डा खणला, त्यात स्टेपनी उभी पुरली आणि पट्ट्याने आपली गाडी तिला बांधली. आता बटण दाबल्यावर आमची गाडी सावकाश वर आली. पैसे घ्यायला त्यांनी साफ नकार दिला. हिंदीत एवढंच म्हणाले, "अगली बार पहले हवा निकालो."

त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण भीती नव्हे. कारण होता एक मुलगा.

मी कोकणात किनाऱ्यालगतच्या एका शाळेत होतो. नववीला दुसरं महायुद्ध शिकवत होतो. उत्तर आफ्रिका, एल अलामेन, १९४२, माँटगोमेरी, रोमेल. फळ्यावर दोन बाण काढून मी लढाई संपवली. तेव्हा कोळीवाड्यातला एक मुलगा उभा राहिला. "सर, वाळूत त्यांच्या गाड्या रुतत नव्हत्या का? आमची होडी ओढायला पंधरा माणसं लागतात." वर्ग हसला. मीही हसलो आणि म्हणालो, "परीक्षेला हे येणार नाही, बस खाली." तो बसला. पुन्हा कधी त्याने प्रश्न विचारल्याचं मला आठवत नाही.

मस्कतहून परतल्यावर मी त्याच्या प्रश्नाचा माग काढायला बसलो.

सुरुवात वाळवंटात नाही, इंग्लंडच्या शेतात होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर वाफेच्या इंजिनाने नांगरट करायची कल्पना निघाली, पण इंजिन इतकं जड की नांगरल्या मातीत तेच रुतायचं. जॉन फाउलर या इंजिनिअरने वेगळा मार्ग काढला. इंजिन शेताच्या बांधावर उभं ठेवायचं आणि रुळावर दोर गुंडाळत नांगर तेवढा शेतातून ओढून घ्यायचा. १८५८ साली या वाफेच्या नांगराला तिथल्या शेतकी संस्थेचं ५०० पौंडांचं बक्षीस मिळालं. जड यंत्राने घट्ट जमिनीवर राहावं आणि मऊ जागेत फक्त दोर पाठवावा, हे गाडीवरच्या विंचचं मूळ तत्त्व तिथे दिसतं.

पण वाळवंटात बांध कुठून आणायचा? हा प्रश्न राल्फ बॅग्नॉल्ड या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याला पडला. १९२०च्या दशकात तो इजिप्तमध्ये होता. रजा काढून, पदरचे पैसे घालून तो आणि त्याचे मित्र साध्या फोर्ड गाड्यांतून लिबियाच्या वाळवंटात हिंडायचे. तिथे दोर बांधायला झाड नाही, खडक नाही, हाक मारायला माणूस नाही. कैरोतल्या एका भंगारवाल्याकडे त्याला पोलादी पन्हळी सापडल्या. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या भुयारांवर छत घालायला त्या बनवल्या होत्या. रुतलेल्या चाकापुढची वाळू उकरून त्या चाकाखाली सरकवायच्या, म्हणजे चाकाला तेवढाच पाच फुटांचा रस्ता मिळे. गाडी पुढे गेली की पन्हळी उचलायच्या आणि पुन्हा पुढे टाकायच्या. टायरमधली हवा कमी करायची, म्हणजे टायर पसरतो आणि वजन जास्त जागेवर वाटलं जातं. त्या ओमानी गृहस्थांनी पहिल्यांदा तेच केलं होतं.

बॅग्नॉल्डने वाळू वाचायलाही शिकून घेतलं. वाऱ्याच्या बाजूने रचली गेलेली वाळू घट्ट असते, गाडीचं वजन पेलते. टेकाडाच्या आडोशाला घसरून पडलेली वाळू मात्र सैल असते. आमचे चिरंजीव नेमके आडोशाच्या बाजूला उतरले होते! पुढे लंडनला त्याने बंद नळीत वारा सोडून वाळू कशी उडते, कशी साचते याचे प्रयोग केले आणि १९४१ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. आज मंगळावरच्या वाळूच्या टेकड्यांच्या एका पट्ट्याला त्याचं नाव आहे.

जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली आणि बॅग्नॉल्डचा छंद कामाला आला. सेनापती वेव्हेलच्या परवानगीने त्याने सहा आठवड्यांत 'लाँग रेंज डेझर्ट ग्रुप' उभा केला. पहिले जवान न्यूझीलंडचे होते. त्यांच्या पहिल्या शेवरोले ट्रकना इंजिनाचा जोर फक्त मागच्या दोन चाकांवर मिळायचा, तरी ते वाळूच्या समुद्रापार शत्रूच्या पिछाडीला पोचले. प्रत्येक ट्रकवर पन्हळी बांधलेल्या असत. आणि हे वाचताना मी थांबलो. १९४१ साली आपल्या घोडदळाच्या पलटणींतले जवान घेऊन 'इंडियन लाँग रेंज स्क्वाड्रन' उभं राहिलं आणि पुढे या गटाबरोबर काम करू लागलं. चौथी भारतीय डिव्हिजन तर डिसेंबर १९४० मध्ये सिदी बरानीला लढली होती. मी इतकी वर्षं फळ्यावर बाण काढले, त्यांत एकही भारतीय नव्हता.

हलक्या ट्रकचं पन्हळीवर भागलं, पण रणगाड्याचं काय? तिथे पुन्हा दोर आला. ब्रिटिशांचे स्कॅमेल ट्रक आणि अमेरिकेचे सहाचाकी जीएमसी ट्रक यांवर इंजिनाच्याच जोरावर फिरणारी विंच होती. जीएमसीचं विंच साधारण साडेचार टन ओढायचं. फसलेली, मोडलेली वाहनं ओढून आणून दुरुस्त करणं हे इतकं मोठं काम झालं की एल अलामेनच्या काही आठवडे आधी, ऑक्टोबर १९४२ मध्ये, ब्रिटिशांनी त्यासाठी वेगळं दल काढलं. आपल्या सैन्याचं ईएमई दल १९४३चं. त्या माणसांची नावं धड्यात नसतात. ओढून आणलेला रणगाडा दुसऱ्या दिवशी पुन्हा लढायचा, एवढं मात्र लक्षात ठेवलं पाहिजे.

युद्धानंतर विंच सामान्य माणसाच्या गाडीवर आलं. अमेरिकेत १९४८ साली सुरू झालेल्या वॉर्न कंपनीने १९५९ मध्ये हौशी लोकांच्या जीपसाठी बॅटरीवर चालणारं विंच आणलं. त्याचे नियम मात्र रहाटाइतकेच जुने. रुळावर दोराचे थर जितके जास्त, तितका जोर कमी, म्हणून दोर बराचसा सोडून ओढावं. मध्ये एक कप्पी घातली तर वेग निम्मा होतो आणि ओढ जवळजवळ दुप्पट. ताणलेला दोर तुटला तर चाबकासारखा येतो, म्हणून त्यावर जाड कापड टाकतात. आणि वाळूत आपली गाडी बांधायला काही नसेल, तर स्टेपनी पुरायची.

तो मुलगा आज पन्नाशीच्या पुढे असेल. कुठे असतो, काय करतो, मला ठाऊक नाही. त्याच्या घरच्या होडीखाली ओंडके टाकत, तालावर ओढणारी माणसं मी रोज संध्याकाळी फिरायला जाताना पाहत होतो. चाकाखाली पन्हळ काय आणि होडीखाली ओंडका काय, युक्ती एकाच घराण्यातली. माझ्यापेक्षा त्याला या विषयातलं जास्त कळत होतं आणि मी त्याला खाली बसवलं.

असो. आमच्या त्या गावाकडचं कुणी हे वाचत असेल आणि तो ओळखीचा असेल, तर त्याला एवढं सांगा. रुतत होत्या रे. खूप रुतत होत्या. प्रश्न बरोबर होता.