पंप नाही, मोटर नाही, तरी रोमच्या कारंज्यांना पाणी कसं यायचं?

ट्रेव्ही कारंज्यासमोर पाठ करून नाणं फेकणाऱ्यांचे रील तुम्ही पाहिले असतील. हे कारंजं १७६२ मध्ये पूर्ण झालं, पण ज्या पाणीमार्गाच्या टोकाला ते उभं आहे तो 'अॅक्वा व्हर्गो' अग्रिप्पाने इ.स.पूर्व १९ मध्ये बांधला. मी दिवसभर सर्व्हरवरचा लोड वाटत बसतो, त्यामुळे मला कमानींपेक्षा हे पाणी वाटायचे कसे, यातच जास्त रस वाटला.

अॅक्विडक्ट म्हटलं की उंच कमानी आठवतात. खरं तर बहुतेक मार्ग जमिनीखालून जायचा. रोमचा पहिला, इ.स.पूर्व ३१२ चा 'अॅक्वा अॅपिया', जवळजवळ पूर्ण भूमिगत होता. कमानी फक्त दरी किंवा सखल भाग ओलांडायला.

सगळा खेळ उताराचा. फ्रान्समधल्या नीम शहराचा पाणीमार्ग घ्या: लांबी सुमारे ५० किमी आणि एकूण उतार जेमतेम साडेबारा मीटर. म्हणजे किलोमीटरला सरासरी २५ सेंटीमीटर, साधारण एक वीत! उतार फार झाला तर पाणी बांधकाम खरवडतं, कमी झाला तर तुंबतं. लेझर नाही, जीपीएस नाही. लाकडी पातळीयंत्रं घेऊन हे साधलं. आतून चुना आणि विटांच्या चुऱ्याचा गिलावा, म्हणजे गळती नको.

शहराच्या वेशीवर पाणी वाटपाच्या हौदात यायचं. नीमचा गोल हौद आजही बघायला मिळतो. तिथून शिशाचे पाईप निघायचे. वास्तुतज्ज्ञ व्हिट्रुव्हियसने तीन वाटा सुचवल्या होत्या: सार्वजनिक हौद-कारंजी, स्नानगृहं आणि खासगी घरं. बाजूच्या दोन टाक्या भरून वाहिल्या की जादा पाणी सार्वजनिक हौदांकडे. खासगीवाल्यांनी लोकांच्या पाण्यावर हात मारू नये, हा हेतू. कारंजी शोभेपुरती नव्हती हे लक्षात घ्या. ज्यांच्या घरी नळ नाही ते घागर तिथेच भरायचे. पाणी सतत वाहायचं आणि उरलेलं गटारं धुवायला जायचं.

आणि चोरी? भरपूर! इ.स. ९७ मध्ये फ्रॉन्टिनस जलप्रमुख झाला. त्याने मोजलं तर दफ्तरातल्या आकड्यांपेक्षा उगमाशी कितीतरी जास्त पाणी येत होतं. मधलं पाणी शेतांत वळवलेलं, रस्त्याखाली चोरटे पाईप, आणि कर्मचारीच सामील. प्रत्येक परवानाधारकाला ठरावीक मापाची, शिक्का मारलेली कांस्याची तोटी बसवावी लागे. कांस्यच का, तर शिसं ठोकून रुंद करता येतं, कांस्य सहज वाकत नाही.

गंमत म्हणजे मोजणी फक्त तोटीच्या आकारावर चालायची. वेगाने येणारं पाणी त्याच तोटीतून जास्त जातं, हे फ्रॉन्टिनसला कळत होतं, पण वेग मोजायचं साधन त्याच्याकडे नव्हतं. त्यामुळे त्याच्या आकड्यांवरून रोमला रोज नेमके किती लिटर मिळत होते, याचा वाद अजून मिटलेला नाही.