मकतबातला पहिला धडा

लोणखेड्याहून तळोद्यामार्गे पश्चिमेला निघाले की सातपुड्याच्या पायथ्याशी अक्कलकुवा लागते. आदिवासीबहुल तालुक्याच्या या गावी १९७९ साली मौलाना गुलाम मोहम्मद वस्तानवी यांनी जामिया इस्लामिया इशाअतुल उलूम सुरू केली, तेव्हा सहा विद्यार्थी आणि एक शिक्षक एवढाच तिचा संसार होता. मौलाना सुरत जिल्ह्यातले. शिक्षण तडकेश्वर आणि सहारनपूर येथे झालेले. पुढे याच संस्थेने फार्मसी आणि युनानीचे शिक्षण सुरू केले, जालना जिल्ह्यात बदनापूरजवळ वैद्यकीय महाविद्यालय उभे केले. ४ मे २०२५ रोजी मौलानांचे निधन झाले. त्यांचे नाव निघाले की या इमारती डोळ्यांसमोर येतात. पण इमारतीचा पाया पाहायचा तर पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या पहिल्या पाटीकडे वळावे लागते.

आपल्याकडील बहुतेक मकतबांत आणि मदरशांच्या प्राथमिक वर्गांत ही पाटी 'कायद्या'ने सुरू होते. लुधियानाच्या मौलवी नूर मोहम्मद यांचा 'नूरानी कायदा' त्यांत सर्वांत परिचित. आधी सुटी अक्षरे, मग जोडाक्षरे, मग जबर, जेर, पेश, शेवटी तशदीद आणि मद्द. उच्चार घोटून झाला की अम्मपारा, म्हणजे कुरआनाचा तिसावा भाग. मग पूर्ण कुरआन पाहून वाचणे, म्हणजे नाझिरा. पुढे काही मुले हिफ्जकडे वळतात. जोडीला दीनियात : कलमे, वुजू, नमाज, दुआ. त्यासाठी मुफ्ती किफायतुल्लाह देहलवी यांचे चार भागांतले 'तालीमुल इस्लाम' पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. ते प्रश्नोत्तररूप आहे आणि मूळ उर्दूत आहे.

उर्दू इथे कशी आली, याला इतिहास आहे. १८५७ च्या पडझडीनंतर १८६६ साली देवबंदचा मदरसा उभा राहिला, तो सरकारी मदतीवर नव्हे तर सामान्यांच्या चंद्यावर. तिथे ग्रंथ अरबी-फारसी होते, समजावण्याची भाषा उर्दू. तीच रीत देशभरच्या मदरशांनी उचलली. तिचा फायदा मोठा झाला : गुजरातचे, बिहारचे आणि खानदेशचे मूल एका जाजमावर बसू शकले.

पण किंमतही मोजावी लागली. यावल-रावेरच्या तडवी भिल्ल मुस्लिम मुलाचे घर वेगळ्या बोलीत चालते, शाळा आणि बाजार मराठीत. त्याला अरबी वाचता येते, अर्थ कळत नाही. अर्थ उर्दूत मिळतो, तीही त्याला नवीच. म्हणजे धर्माची पहिली ओळख त्याला दोन अनोळखी भाषांतून होते. अशा वेळी पाठांतर हाच एक आधार उरतो.

सच्चर समितीने २००६ साली दाखवून दिले की शाळकरी वयाची जेमतेम तीन टक्के मुस्लिम मुले मदरशात शिकतात. मकतबात जाणारी बहुतेक मुले दिवसा इतर शाळांतही जातात, हा फरक समितीने मुद्दाम नोंदवला. तरी वाद होतो तो मदरशांचाच. २०१३ साली महाराष्ट्र शासनाने डॉ. झाकिर हुसेन यांच्या नावाने मदरसा आधुनिकीकरण योजना आणली. २०१५ साली मात्र औपचारिक विषय न शिकवणाऱ्या मदरशांतील मुलांना शाळाबाह्य धरण्याचे ठरले. समाज दुखावला, निवेदने झाली. गणित-विज्ञानाची चर्चा झाली. सकाळच्या त्या एका तासात मुलाला अर्थ कोणत्या भाषेत कळावा, हा प्रश्न दोन्ही बाजूंनी तसाच राहिला.

उच्चार अरबीच राहू द्या. ती शिस्त शतकांची आहे. पण दीनियात मराठीत का नको? मूल शेजाऱ्याशी ज्या भाषेत बोलते, त्या भाषेत त्याला आपला धर्म सांगता आला पाहिजे. उस्तादालाही मग पाठांतर घेऊन थांबता येणार नाही. मूल 'का?' असे विचारील, आणि तेव्हा त्याला उत्तर द्यावे लागेल.